तक्रार: टू-एक्स टेलिकन्व्हर्टरची चुकीची माहिती देऊन विक्री व पैसे परत करण्यास नकार

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी

महोदय,

मी पक्ष्यांचे फोटो काढतो. माझ्याकडे क्रॉप सेन्सरचा (लहान सेन्सरचा) डीएसएलआर आणि 150-600 मिमी, एफ 5-6.3 झूम लेन्स आहे. पल्ला वाढवायला काय घ्यावं, हे मी खरेदीआधी तुमच्या हेल्पलाइनवर विचारलं. कॅमेरा आणि लेन्स दोन्हींचं मॉडेल सांगितलं. "टू-एक्स घ्या, थेट 1200 मिमी मिळतील, ऑटोफोकसला काही होत नाही," असं मला सांगण्यात आलं. टू-एक्स म्हणजे कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसवायचा, लेन्सचा पल्ला दुप्पट करणारा टेलिकन्व्हर्टर. तुमच्या वेबसाइटवरही "सर्व टेलिलेन्सना चालतो, ऑटोफोकस कायम" असंच छापलेलं आहे. त्या भरवशावर मी पैसे भरले.

टू-एक्स लावला की दोन स्टॉप प्रकाश जातो, म्हणजे चौथा हिस्साच उरतो. 600 मिमीला एफ 6.3 असलेली माझी लेन्स एफ 13 वर जाते (एफचा आकडा जितका मोठा, तितका प्रकाश कमी). माझ्या कॅमेऱ्याच्या मॅन्युअलमध्ये ऑटोफोकसची मर्यादा एफ 8 दिलेली आहे, आणि बहुतेक डीएसएलआरमध्ये त्यापुढे ऑटोफोकस खात्रीने चालत नाही. कॅमेऱ्याचं सामान विकणाऱ्या कंपनीला हे माहीत असायलाच हवं.

कर्नाळ्याला सकाळी स्वर्गीय नर्तकाचा पांढरा नर समोरच्या फांदीवर येऊन बसला. व्ह्यूफाइंडरमध्ये अंधार, लेन्स नुसती पुढे-मागे घरघरत राहिली आणि फोकस काही लागेना. हा पक्षी एका जागी टिकत नाही. किडा दिसला की झेपावतो, ती लांब शेपटी मागून लहरत जाते, की दिसेनासा. तुमच्या प्रतिनिधींनी नंतर मॅन्युअल फोकस करायला सांगितलं. दाट झाडीतल्या इतक्या चपळ पक्ष्यासाठी हा उपाय होऊच शकत नाही. शिवाय जिथे आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) 3200 वर भागत होतं, तिथे त्याच शटर स्पीडला 12800 लागतो. नॉइजमध्ये, म्हणजे फोटोतल्या दाणेदारपणात, पिसांचा पोत पार हरवतो.

मी वस्तू परत घ्यायला सांगितली तेव्हा "उत्पादनात दोष नाही" म्हणून नकार मिळाला. बदल्यात 1.4-एक्स टेलिकन्व्हर्टर देऊ केलात. पण त्यानेही माझी लेन्स एफ 9 च्या आसपास जाते, म्हणजे पुन्हा मर्यादेबाहेरच! हा हिशेब तुमच्याकडे कुणीच केला नाही, याचा मला सर्वात जास्त संताप आला.

माझी तक्रार दोषाची नाहीच, जाहिरातीत सांगितलेला गुण वस्तूत नसल्याची आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 नुसार अशी वस्तू परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही.

तरी पूर्ण रक्कम परत करावी, वस्तू नेण्याचा खर्च कंपनीने सोसावा आणि वेबसाइटवरचा मजकूर दुरुस्त करावा. कोणत्या एफ-नंबरपर्यंत ऑटोफोकस चालेल, हे तिथे स्पष्ट लिहा. पै पै साठवून पहिली मोठी लेन्स घेतलेली कितीतरी पोरं तेच पान वाचून ऑर्डर देत असतील.

15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार नोंदवीन.

आपला,
एक ग्राहक

सोबत: बिलाची प्रत, वेबसाइटवरील मजकुराचा स्क्रीनशॉट, नकाराचा ई-मेल