आपल्या रहाडीच्या बल्ल्या

नाशिक,
माघ वद्य पंचमी

प्रिय विन्या,

आम्ही सगळे ठीक. आईचा गुडघा थंडीत कुरकुरतो, तेवढंच. आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो, कारण इथे कोणालाही सांगितलं तरी 'बरं, मग?' एवढंच ऐकायला मिळतं.

परवा रात्री आपल्या रहाडीवरून, रंगपंचमीला आपण ज्यात रंगाचं पाणी भरून उड्या मारतो आणि एरवी लाकडी बल्ल्या नि माती टाकून झाकून ठेवतो त्या चौकातल्या दगडी हौदावरून, डंपर गेला. सिंहस्थाची कामं सगळीकडे निघाली आहेत, पुढचा रस्ता खणलेला, म्हणून खडीचा भरलेला डंपर सरळ चौकातून घातला. मधल्या तीन बल्ल्या मोडल्या, चौथीला लांब चीर गेली. सकाळी नानांनी पहारीने ठोकून बघितलं आणि काही न बोलता पारावर जाऊन बसले. आज माघ वद्य पंचमी, म्हणजे रंगपंचमीला बरोब्बर एक महिना.

मोडलेल्या बल्ल्यांचं एवढं वाटलं नाही रे. लाकूड आहे, मोडतं. पण दुपारी चौकात बैठक बसली आणि पोरं एका सुरात म्हणाली, 'आता एकदाचा आरसीसी स्लॅब टाकू, दरवर्षीची कटकट नको.' मोठी माणसंही माना डोलवायला लागली. तू असतास तर पहिल्या वाक्यालाच उठून उभा राहिला असतास आणि पुढचा अर्धा तास कोणाला बोलू दिलं नसतंस. तुझ्या त्या आवाजाची इतकी गरज मला कधी वाटली नव्हती.

मी रात्री बसून हिशोब केला. आपली रहाड 20 फूट लांब, 14 फूट रुंद. बल्ली आडवी पडते, दोन्हीकडे दगडावर एकेक फूट टेकायला हवी, म्हणजे 16 फुटांची. आठ इंची चौरस सागाची बल्ली भरते साधारण 130 किलो. दोर लावून सहा जण सहज उचलतात, आणि अशा तीस बल्ल्या लागतात. आता तेवढ्याच लांबीची, एक फूट रुंद आणि सहा इंच जाड सिमेंटची फरशी घे. एकेक नग साडेपाचशे किलोच्या वर जातो. तो उचलायला क्रेन हवी, आणि आपल्या बोळातून क्रेन येते कुठे? मग पहिल्या वर्षी जिकिरीने उघडतील, दुसऱ्या वर्षी 'यंदा राहू दे' म्हणतील, आणि तिसऱ्या वर्षी त्यावर गाड्या लागतील. शनी चौक, तिवंधा, दिल्ली दरवाजा इथल्या रहाडी टिकल्या, कारण तिथली माणसं दर फाल्गुनात माती काढून लाकडं उचलतात. बाकीच्या पेशवाईतल्या कित्येक रहाडी रस्त्याखाली गेल्या त्या उघडायचं थांबलं म्हणूनच. एकाने तर वर मॅनहोलसारखं तीन फुटी झाकण ठेवायचं सुचवलं. त्यातून धप्पा मारायचा कसा, हे त्यालाच विचारलं. पाणी जेमतेम चार फूट, छातीपर्यंत. म्हणून तर सूर मारायचा नसतो, आडवं अंग टाकायचं असतं. डोक्यावर पडला तर मान गेली. आडवं अंग टाकायला मोकळी जागा लागते आणि पाणी चहूबाजूंनी उसळायला वर उघडं आभाळ लागतं, हे आपल्या चौकातल्या पोरांना समजावून सांगावं लागलं विन्या!

स्लॅबची दुसरी खोड कोणी ध्यानातच घेत नाही. रंगपंचमीनंतर पंप लावून कितीही उपसा केला तरी तळाशी बोटभर ओल राहते. लाकडाच्या फटींतून आणि वरच्या मातीतून ती हळूहळू निघून जाते. वरून गच्च स्लॅब बसला की ती ओल आतच घुसमटते, दगडांच्या चुन्याच्या दरजा सुटायला लागतात, आणि मग एके दिवशी शेजारच्या गटारीचं पाणी भिंतीतून आत. उत्तरेच्या भिंतीला आत्ताच थोडं पोट आलंय. उघडल्यावर आधी तिथल्या दरजा खरवडून चुन्याने भरायच्या आहेत. सिमेंटने नाही, सिमेंट जुन्या दगडाला धरून राहत नाही आणि ओलही बाहेर जाऊ देत नाही.

हां, लाकूड कुजतं हे पोरांचं म्हणणं खोटं नाही. पण कुजतं कुठे? मधे नाही, टोकाला. कापलेलं टोक पाणी पितं आणि दगडाच्या खाचेत ते पाणी साचून राहतं. टोकांना गरम डांबर लावायचं, खाली सपाट फरशीचा तुकडा द्यायचा, आणि मागे बोटभर जागा वाऱ्यासाठी सोडायची. तुझे आप्पा आणखी एक करायचे ते मी बैठकीत सांगितलं: एका बल्लीचा बुंधा इकडे तर पुढचीचा तिकडे, म्हणजे वरची पातळी सारखी येते आणि माती एका अंगाला खचत नाही. तेवढं ऐकून नाना पहिल्यांदा हसले. वजनाचंही साधं आहे. मोटारसायकल, रिक्षा यांनी या बल्लीला काही होत नाही. भरलेल्या डंपरचं एकेक चाक तिच्या ताकदीच्या कितीतरी पुढे जातं. तेव्हा चौकाच्या दोन्ही तोंडांना दगडी खुंट रोवायचे, एवढाच इलाज.

रंगाचंही ठरवायचंय. चार फूट पाणी म्हणजे साधारण बत्तीस हजार लिटर, पाच हजारांचे सहा-सात टँकर. तयार रंग टाकू म्हणणारे दरवर्षी निघतात, यंदा जरा जास्त. त्या रंगाने अंगाला खाज सुटते ती सुटतेच, शिवाय रंग पाण्यात नीट मिसळत नाही, वर तवंग धरतो. पळसाची सुकी फुलं आदल्या रात्री भिजवून सकाळी कढईत तीन-चार तास मंद उकळायची आणि फडक्यातून दोनदा गाळायची. गाळणीत आळस केला की पाकळ्यांचा चिखल तळाशी बसतो आणि पाय सटकतो. हळद घालायची तीही उकळूनच. कोरडी टाकली तर खाली जाऊन बसते. चुन्यावरून आपलं भांडण अजून मिटलेलं नाही हे मला आठवतंय. चिमूटभर चुन्याने रंग केशरी होतो, मान्य. पण तू ओंजळ टाकायचास! सगळ्या गल्लीचे डोळे लाल, आणि तू म्हणायचास रंग चढला. यंदा चुना माझ्या हातात राहील.

तुझ्या पंचवटीतल्या आजोळचा अभिमानही जरा आवर. मागच्या फोनवर कामदा एकादशीच्या रथोत्सवावरून पुन्हा 'आमचा रामरथ' सुरू केलंस. रामरथ गोदावरी ओलांडत नाही, पंचवटीतच राहतो. नदी ओलांडून आमच्या गल्ल्यांत येतो तो गरुडरथ. त्यामुळे कामदा एकादशीला जास्त पायपीट कोणाची होते हे उघड आहे. रथाचे मानकरी बुवा रामरथाकडे तोंड करून सगळी वाट उलटे चालतात, हे मात्र तुमच्याकडचं बघण्यासारखं, ते मी कधीच नाकारलं नाही.

मालवणला आता रुळलास असं वहिनींच्या बोलण्यावरून वाटलं. दिवाळी पाडव्याच्या रामेश्वर-नारायणाच्या पालखीचे फोटो पोचले. नारळी पौर्णिमेला जेट्टीवर नारळ लढवायला छकुली उतरली, हे वाचून आई फार खूश झाली. नवीन साहेबाचं काय झालं? बढतीचं कळव.

आता मुख्य काम. तुमचा वाडा वैशाखात उतरवणार असं काकांनी सांगितलं. दिवाणखान्याच्या तुळया अस्सल सागाच्या, नऊ इंची, आणि मी काल टेप लावून बघितलं, सोळा फूट पुरून उरतात. पाडणारा माणूस त्या जुन्या लाकडाच्या भावाने उचलून नेईल. त्यातल्या चार आम्हाला हव्यात, आणि वैशाखात नाही, फाल्गुनाच्या आत. दिवाणखान्यावरचं छप्पर आधीच काढलेलं असल्याने त्या चार सुट्या करायला दोन दिवस पुरतील. सुतार मी बघितलाय. पैसे चौकाच्या वर्गणीतून देऊ, काका म्हणतील तो भाव. काका 'विन्याला विचारा' म्हणाले. तेव्हा पत्र मिळताच त्यांना फोन कर, आणि पुढची बैठक रविवारी सकाळी दहाला आहे, तेव्हा मला फोन लाव. मी स्पीकरवर ठेवतो. तू बोल. अर्धा तास बोललास तरी या वेळी कोणी तुला थांबवणार नाही.

तुझा,
बाळ्या

ता. क. सहा जणांच्या दोन टोळ्या लागतील, आत्ता एकच जमलीये. रजा मिळाली तर होळीच्या आदल्या दिवशीच ये, हातमोजे घेऊन.