दप्तरं नकोत, डाळ घे

नागपूर, रविवार

चि. सोनूस, अनेक आशीर्वाद.

परवा तुझा फोन मी घाईत ठेवला. गॅसवर दूध आहे म्हणाले, पण दूध वगैरे काही नव्हतं. "आई, कंपनीचे पैसे मार्चच्या आत खर्ची पडायला हवेत. तुझ्या त्या भिवापूरकडच्या गावात २०० दप्तरं वाटून टाकू, आम्ही वीसजण टी-शर्ट घालून येतो," असं तू म्हणालास, आणि मला तीन वर्षांपूर्वीची मीच दिसले. रागवायला तोंड नव्हतं, म्हणून लिहिते आहे.

आम्ही पेन्शनर बायकांनी वर्गणी काढून त्या गावात आठ शिलाई मशीन दिल्या होत्या. हार, नारळ, फोटो, सगळं झालं. वर्षभराने सहज गेले, तर एका घरात मशीनवर गोधड्यांची चळत आणि खाली उंदराने कुरतडलेला पट्टा. घरची बाई ओशाळून म्हणाली, "मॅडम, रोज पुसतो जी आम्ही." नको ती वस्तू दिली मी, आणि लाज वाटत होती तिला! सव्वाशे उंबऱ्यांचं गाव, त्यात आठ शिंपिणी. शिवणार कोणाचं? ३४ वर्षं बँकेत कर्जाचे अर्ज तपासले मी. दुसऱ्या कोणी असा प्रस्ताव आणला असता तर उभ्या उभ्या परत पाठवला असता.

त्या दिवशी ओसरीवर बसून पहिल्यांदा विचारलं, की बायांनो, तुम्हाला काय हवं? बराच वेळ कोणी बोललं नाही. मग एक म्हातारी म्हणाली, "तूर आम्ही विकतो, अन् डाळ किराण्यातून आणतो." बस, एवढंच. जानेवारीत तूर निघाली की उधारी फेडायला ती पडत्या भावात व्यापाऱ्याच्या काट्यावर, आणि पोळ्याला तीच तूर डाळ होऊन दुप्पट दामाने घरात. हे तिला कळत होतं. विचारणारं कोणी नव्हतं.

बायांचा बचत गट जुना, महिन्याला शंभर रुपये टाकणारा. वही बघितली, एक हप्ता चुकलेला नाही. गटांना बँकेशी जोडायचं काम नाबार्डने १९९२ मध्ये सुरू केलं, त्यामुळे कागदोपत्री कर्ज मिळणं सोपं. प्रत्यक्षात मॅनेजरने आम्हाला तीनदा परत पाठवलं. टेबलाच्या या बाजूची खुर्ची किती टोचते ते रिटायर झाल्यावर कळलं बाप्पा. चौथ्यांदा गटाच्या अध्यक्षबाई एकट्याच गेल्या आणि सही घेऊन आल्या. कसं, ते मला अजून सांगत नाहीत.

अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची मिनी दाल मिल घेतली. कर्ज गटाचं, जागा गटाची. आमच्याकडून फक्त टिनाचं शेड. पहिली खेप पार फसली. तूर आधी मशीनमध्ये चिरायची, तेलाचा हात लावून मुरवायची, पाणी देऊन उन्हात कडक वाळवायची आणि मगच भरडायची. ढगाळ दिवसात बायांनी घाई केली, निम्म्या डाळीचा चुरा झाला. दोन महिने तोच चुरा सगळ्यांच्या घरी वरणाला. आता क्विंटलमागे सत्तर किलोच्या वर डाळ पडते. भरडताना उरलेली चुनी, म्हणजे टरफलं आणि कणी, गाई-म्हशींना जाते, तिचे पैसे वेगळे.

आता दप्तरांकडे येते. तिथल्या लहान पोरांना दप्तर नाही म्हणून कोणी शाळा सोडत नाही रे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याने सहा ते चौदा वर्षांपर्यंतचं शिक्षण मोफत केलं. जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवीपर्यंत पुस्तकं मिळतात, दुपारची खिचडी मिळते. गळती लागते ती पुढे. हायस्कूल नऊ किलोमीटरवर. मुलींना एसटीचा पास फुकट आहे, पण बस पाचला निघते आणि दहावीचे जादा तास सहाला सुटतात. मधे उमरेड-कऱ्हांडला अभयारण्याच्या कडेचं जंगल, तो जय वाघ २०१६ मध्ये दिसेनासा झाला तेच. अंधारात कोणती आई पोरीला त्या रस्त्याने येऊ देईल? मागच्या वर्षी तिघींनी तास सोडले. दोघी नापास झाल्या, एकीचं लग्न ठरलं.

गटाने ठराव केला, की चुनीच्या पैशातून पोरींसाठी महिन्याचा ऑटो लावायचा. मी विरोध केला. आधी कर्जाचे हप्ते, मग बाकीचं, हे माझं बँकेतलं डोकं. अध्यक्षबाई म्हणाल्या, "हप्ता आम्ही भरतोच जी, पण पोरगी दहावीत एकदाच असते." त्या कधी शाळेत गेल्या नाहीत. यंदा सहाही पोरी सहापर्यंत थांबतात.

म्हणून तुला एकच काम सांगते. तुमच्या कँटीनला महिन्याला किती तूरडाळ लागते, ते विचार. पन्नास किलो असो की दोनशे. भाव बाजाराचाच लावू, दया म्हणून जास्तीचा नको. मात्र ऑर्डर जानेवारीच्या आधी आणि थोडी रक्कम आगाऊ हवी, म्हणजे तूर निघाली की गट ती जागेवर रोखीने घेईल, व्यापाऱ्याच्या काट्यावर जाणार नाही. कंपनी कायद्याप्रमाणे नफ्यातले जे २ टक्के समाजकामाला द्यायचे असतात, त्यात ही खरेदी बसत नाही, एवढं मलाही कळतं. त्या पैशांचं काय करायचं ते वेगळं बघू. आधी गटाशी बोल, माझ्याशी नको. आणि यायचं असेल तर एकटाच ये, साध्या शर्टात.

पाच किलो डाळ एका ओळखीच्याबरोबर पाठवते आहे. पॉलिश नाही, दिसायला जरा मळकट आहे, म्हणून सूनबाईने नाक मुरडू नये. अर्धा तास भिजवून तीन शिट्ट्या पुरतात. वरून तुपाबरोबर भिवापुरी मिरची तळून घाला, आणि कँटीनच्या आचाऱ्यालाही वाटीभर चाखायला दे.

तुझी,
आई