खानापूर स्टेशनवरच्या अक्का, थँक यू हं

अक्का, नमस्कार. तुमचं नाव विचारायचं राहिलं, नंबरपण घेतला नाही, म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितोय, कुणीतरी पोचवेल तुमच्यापर्यंत.

दसऱ्याच्या आधी स्टेशनच्या बाकावर मी मित्राला मोबाईलवर फोटो दाखवत होतो बघा, आमच्या भातात उडणारं ते बारकं तपकिरी. तो म्हणाला पतंग आहे, सोड. तुम्ही शेजारून वाकून बघितलात आणि म्हणालात, "पतंग नव्हे हो, चिट्टे." म्हणजे कन्नडात फुलपाखरू. मी विचारलं कुठलं, तर सांगेनात! "वरनं काढलेल्या फोटोवर मी नाव सांगणार नाही, पंखाची खालची बाजू बघून या." खरं सांगतो, तेव्हा रागच आला, माहितीय तर सांगून टाकायचं की.

दुसऱ्या दिवशी सकाळी बांधावर उकिडवा बसलो. एका जागी थांबेल तर शपथ. बसलं की पुढचे पंख अर्धे उभे, मागचे सपाट, लढाऊ विमानागत. मिशीचं टोक आकड्यासारखं वाकडं. मग पंख मिटले आणि मागच्या पंखाखाली पांढऱ्या ठिपक्यांची कमान दिसली, आणि कमानीच्या आत, बुडाकडं, एकटाच एक ठिपका. राईस स्विफ्टला, म्हणजे भातातल्या तसल्याच दुसऱ्या फुलपाखराला, तो बहुतेक नसतो म्हणाला होतात ना, तोच! नराच्या पुढच्या पंखावरची तिरकी बारीक रेघपण सापडली. म्हणजे स्मॉल ब्रँडेड स्विफ्ट, ज्याला फॅब्रिशियस नावाच्या कीटकतज्ज्ञानं 1798 मध्येच नाव देऊन ठेवलंय, आणि आम्ही इतकी वर्षं नुसता किडा म्हणतोय.

खरा फायदा बाबांचा झाला. भाताच्या पानांच्या सुरळ्या बघून त्यांनी फवारणीचा पंप भरायला काढलेला. मी एक सुरळी उलगडली, आत हिरवी अळी, पान कडेनं खाल्लेलं. पान गुंडाळणारी ती दुसरी अळी, पतंगाची, हिरवं खरवडून पांढरे पट्टे पाडते, तसं कुठंच नव्हतं. पूर्ण वाफा फिरून सुरळ्या सापडल्या सात. बाबा काही बोलले नाहीत, पंप परत गोठ्यात टांगला.

आता अजून एक फोटो आहे, परसातल्या हळदीच्या पानावर बसलेलं, मागच्या पंखावर मोठा पांढरा डाग. खालची बाजूपण काढलीय ह्यावेळी. शुक्रवारी त्याच पॅसेंजरला असता काय?