आजोबांची ठशांची पेटी पाठवा

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

रविवारी फोनवर मी माझ्या दागिन्यांच्या कामाचं सांगितलं, तर बाबा एवढंच बोलले, "सोन्याचा धंदा आपल्या घराला लाभला नाही," आणि फोन आईच्या हातात दिला. मला त्यावर काही सुचलं नाही. चार दिवस ते वाक्य मनातून जात नाहीये. फोनवर माझा आवाज भरून येतो आणि मग आई रडते, म्हणून लिहिते आहे.

बाबा, तुम्ही ते उगाच म्हणाला नाहीत. १९६३ च्या जानेवारीत सुवर्ण नियंत्रणाचा नियम आला तेव्हा तुम्ही दहा वर्षांचे होतात. चौदा कॅरेटच्या वरचा दागिना घडवायचा नाही! शंभरात साधारण ५८ भाग सोनं आणि बाकी तांबं-चांदी असलेला साज कोल्हापूरची कुठली बाई गळ्यात घालणार होती? गुजरीतली, आपल्या सराफ पेठेतली, कामं बसली. आजोबांनी शेगडी विझवली ती कायमची, आणि ज्या हातांनी साजाची पानं उठवली त्या हातांनी किराणा दुकानात पुड्या बांधल्या. कायदा १९९० साली रद्द झाला, तेव्हा आजोबांची नजर गेलेली होती. तुम्ही मास्तर झालात, एक तारखेचा पगार घरात आणलात, आणि आम्हा दोघांना त्यावर शिकवलंत.

२००९ ला मी मुंबईला निघाले तेव्हा तुम्ही ओरडला नाहीत. "पगार कोण देणार?" एवढंच विचारलंत. मला तेव्हा फार लागलं होतं. माझ्या अभिनयावर तुमचा विश्वास नाही असं वाटलं होतं. तो प्रश्न आजोबांचा होता, हे कळायला मला चाळिशी जवळ यावी लागली.

आणि तुमची भीती सगळीच खोटी ठरली नाही, हेही आज सांगते. मालिकेत पैसे दिवसावर मिळतात आणि चेक येतो नव्वद दिवसांनी. एक मालिका अचानक बंद झाली, तिचे चार महिन्यांचे पैसे मला आजपर्यंत मिळालेले नाहीत. त्या वर्षी मी दिवाळीला आले नाही, शूटिंग आहे म्हणून सांगितलं. आई, शूटिंग नव्हतं. भाऊबीजेला दादासमोर रिकाम्या हातानं बसवेना. एवढी वर्षं हे मनात ठेवलं, माफ कर.

पण ती अकरा वर्षं वाया गेली असं कुणाला म्हणू देऊ नका. मी धाकटी जाऊ झाले, नणंद झाले, इन्स्पेक्टर झाले. गोरेगावच्या चित्रनगरीत पहाटे मेकअपला बसताना अंगावर जो काटा यायचा तो शेवटपर्यंत येत राहिला. तेहतिसाव्या वर्षी मला सव्वीस वर्षांच्या नायकाची आई व्हायला सांगितलं. तेही मी मन लावून केलं. त्यानंतर मात्र फोन आईच्याच भूमिकांसाठी येऊ लागले, तेही कमी कमी.

दागिन्याचं वेड मला त्या सेटवरच लागलं. एका लग्नाच्या प्रसंगात मला दाबाची नथ दिली होती. पितळेची, वर सोन्याचा मुलामा, मोती प्लास्टिकचे. मी रडायला लागले की नाक ओलं व्हायचं आणि नथ घसरून ओठावर यायची. सात टेक झाले. दिग्दर्शक वैतागले, मेकअपदादा आतून चिकटपट्टी लावत होते. जेवणाच्या सुट्टीत मी नथ हातात घेऊन नीट पाहिली. दाबाची दोन्ही टोकं समोरासमोर येतच नव्हती, एक केसभर वर होतं. शिवाय सगळे मोती पुढच्या बाजूला, त्यामुळे तोल पुढे. चिमट्यानं टोकं जुळवली, मागच्या तारेला बारीक वेढा देऊन वजन आत घेतलं. आठव्या टेकला नथ हलली नाही. त्या दिवसापासून कपडेपटातल्या ताई मला बोलवायला लागल्या. कुणाची बुगडी कान कापते, कुणाची ठुशी मानेवर फिरते, कुणाच्या वाकीचा स्क्रू अडतो. दागिना अंगावर घालून बारा तास उभं राहिल्याशिवाय त्याची खोड कळत नाही, आणि ते मी अकरा वर्षं केलं होतं.

२०२० च्या मार्चात शूटिंग थांबलं तेव्हा मी कागद घेऊन बसले. नंतर अंधेरीला वर्षभराचा कोर्स केला. तिथं कॉम्प्युटरवर डिझाइन शिकले, पण धातू शिकले ती झवेरी बाजारात.

बाबा, तुम्ही एकदा या तिथं. मरीन लाइन्सला उतरून चालत जायचं, मुंबादेवीच्या मागच्या गल्लीत, चौथ्या मजल्यावर, लाकडी जिन्यानं. एका खोलीत सहा कारागीर, बहुतेक बंगालचे. मला शिकवतात ते दादा वीस वर्षं त्याच खिडकीशी बसलेत. मांडीवर चामडं ताणलेलं, कानशीतून उडालेला कण त्यात पडतो. घरी निघताना प्रत्येक जण एकाच पिंपात हात धुतो आणि ते पाणीही जपून ठेवतात. पहिल्यांदा ते पाहिलं आणि मला आजोबांचा झारेकरी आठवला. दुकानातला केर विकत घेऊन धुणारा माणूस, त्याच्या गोष्टी तुम्हीच सांगायचात. पहिले सहा महिने दादांनी मला फक्त डाख, म्हणजे आचेवरचा जोड, लावायला दिला. आच जरा जास्त झाली की अख्खं पान वितळून गोळा व्हायचं. मी असे किती गोळे केले ते मोजायचं सोडून दिलं.

आई, तुला नीलम आठवते? १९८६ ला गोविंदाबरोबर 'इल्जाम'मध्ये होती, तिचे सिनेमे तू आणि मावशी मिळून बघायचात. १९८४ ला ती पडद्यावर आली, १९९९ च्या 'हम साथ साथ हैं'मध्येही होती. तिच्या घरात जवाहिराचा व्यवसाय आधीपासून होता. सिनेमाचं काम थांबवल्यावर ती त्याच वाटेनं गेली, आणि २०११ ला इथं मुंबईत तिनं स्वतःच्या नावाचं दागिन्यांचं दालन उघडलं. मला तिचं फार कौतुक वाटतं ते यासाठी की लोक तिला अजून नटी म्हणून ओळखतात आणि तरी तिनं घरचं काम हाती घेतलं. आपल्या प्राजक्ता माळीनंही २०२३ ला जुन्या मराठी दागिन्यांचं काम सुरू केलं, अभिनय चालू ठेवून. या दोघींकडे नाव आहे, भांडवल आहे. ते माझ्याकडे नाही. माझ्याकडे आजोबा आहेत.

मी सोन्यात पैसे अडकवणार नाही, बाबा, घाबरू नका. २०२५ मध्ये दहा ग्रॅम सोनं लाखाच्या पुढे गेलं. लग्न ठरलेल्या मुली मला सांगतात, साज हवाय पण घडणावळीसकट झेपत नाही. म्हणून मी ९२५ च्या, म्हणजे हजारात ९२५ भाग शुद्ध असलेल्या चांदीत करते आणि वर सोन्याचं पाणी देते. बिलावर चांदी असंच लिहिते. वजन, घडणावळ, तीन टक्के जीएसटी, सगळं वेगवेगळं. तुम्ही मला जमाखर्च शिकवलात तशी वही आहे, रोज रात्री लिहिते. गेल्या आठ महिन्यांत एकाही कारागिराची मजुरी मी दुसऱ्या आठवड्यात ढकललेली नाही. नव्वद दिवस वाट पाहणं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. आणि महिन्याकाठी दोन-तीन दिवसांचं शूटिंग मिळालं तर अजून करते, ते सोडलेलं नाही.

आता मुख्य गोष्ट. मला पहिला पूर्ण कोल्हापुरी साज करायचाय, एकवीसच्या एकवीस पानांचा. बाजारात हल्ली दहा-बारा पानांत भागवतात, आणि कासव कुठलं नि भुंगा कुठला ते ओळखू येत नाही. कॉम्प्युटरवर काढलेला मासा मी दादांना दाखवला, तर ते म्हणाले की याच्या अंगावर खवले आहेत पण हा पोहत नाहीये. आजोबांचा मासा पोहायचा. आजीच्या साजावर मी लहानपणी बोट फिरवायचे, शेपटीशी एक किंचित वळण होतं. तो साज पुढे मोडला. पण माळ्यावर पत्र्याच्या पेटीत काशाचे ठसे आहेत, मला माहीत आहे. तुम्ही ती पेटी कुणाला उघडू दिली नाहीत, आणि विकलीही नाहीत. साठ वर्षांत किती वेळा मोडीवाला दारात आला असेल.

बाबा, ते ठसे मला द्याल का? आपला दादा पुढच्या गुरुवारी महालक्ष्मी एक्सप्रेसनं निघतोय, त्याच्याजवळ द्या. तुम्हाला द्यावेसे वाटले नाहीत तर मी रागावणार नाही. मी सुट्टी काढून तिकडे येईन आणि तुमच्यासमोर ओसरीवर बसून पत्रा उठवेन. ठशावर चांदीचा पत्रा, त्यावर शिशाचा तुकडा, वरून हातोडी. आजोबा हातोडी किती उंचावरून मारायचे, ते बघितलेले आता तुम्ही एकटेच आहात. मला ते तुम्हीच दाखवायला हवं.

आणि आई, पेटी उघडलीत तर ठसे चिंचेनं घासू नकोस. काळे असू देत. खाचेतला मळही तसाच राहू दे, तो मी इथं मऊ ब्रशनं काढेन. जुन्या धोतरात एकेक वेगळा गुंडाळ, एकमेकांवर आपटले की कडा जातात. पेटीला कुलूप लावू नका, किल्ली दादा हरवेल.

तुमची,
मनू