भर उन्हात पंखा बंद!

महोदय,
छतावर 3 किलोवॉटचं सोलर बसवलं, केंद्राच्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेचं 78 हजारांचं अनुदानही मिळालं. दिवसा आधी घर चालतं, उरलेली वीज नेट मीटरमधून (आलेली-गेलेली वीज मोजणारा मीटर) बाहेरच्या लाइनवर जाते. झकास! पण परवा भर दुपारी लाइट गेली आणि रणरणत्या उन्हात आमचा पंखाही थांबला. सौ. म्हणाली, “मग वर आरसे लावलेत का?”

आमचा ऑन-ग्रिड इन्व्हर्टर, म्हणजे सोलरची वीज घरात वापरण्याजोगी करणारं, बाहेरच्या लाइनला जोडलेलं बिनबॅटरीचं यंत्र, बाहेरची वीज जाताच मुद्दाम बंद होतो. नाहीतर खांबावरच्या वायरमनला आपल्या विजेचा झटका बसेल. हे पटतं. पण विक्रेत्यानं आधी सांगितलं असतं, तर लाइट गेली तरी बॅटरीवर चालणारा हायब्रीड इन्व्हर्टर घेऊन पंखे-दिव्यांचं सर्किट तेव्हाच वेगळं काढलं असतं. आता भिंती फोडायच्या! कोटेशनवर हे ठळक मराठीत छापण्याची सक्ती करावी.

— एक निवृत्त शिक्षक, मिरज