वायपर सुरू, पाऊस नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मुलांकडे परदेशी जाताना ‘तिकडे गाडी उजवीकडून चालवायची, बस्स’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. अमेरिकेत न्यू जर्सीत, एडिसनला लेकीकडे दोन महिने राहून गाडी चालवल्यावर सांगतो, उजवी बाजू हाच त्यातला सगळ्यात सोपा भाग. दोन दिवसांत हात बसतो. इंडिकेटर तेवढा डाव्या हाताला. त्यामुळे पहिला आठवडा प्रत्येक वळणावर मी लख्ख उन्हात वायपर फिरवत होतो. नात मागून विचारायची, “आजोबा, पाऊस कुठंय?”

जड गेलं ते थांबणं. वस्तीतल्या चौकात सिग्नल नाही, पोलीस नाही, चारही तोंडांना ‘स्टॉप’ची लाल पाटी. जो आधी येऊन थांबला तो आधी निघणार. रस्ता मोकळा दिसला म्हणून मी ब्रेकवर नुसता पाय ठेवून सरकत पुढे निघालो, तर लेक म्हणाली, “बाबा, चाकं थांबली पाहिजेत.” चाळीस वर्षं गाडी चालवतोय, हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

स्कूल बसचं तर विचारूच नका. बस समोरून येऊन पलीकडच्या बाजूला थांबली, लाल दिवे लुकलुकू लागले, बसच्या कडेची ‘स्टॉप’ची पाटी बाहेर आली. माझी बाजू मोकळी, मी निघालोच होतो! लेक ओरडली म्हणून वाचलो. मध्ये दुभाजक नसेल तर दोन्ही बाजूंच्या गाड्यांनी किमान २५ फुटांवर थांबायचं, असा तिथला कायदा.

लाल सिग्नलला थांबून, बघून उजवीकडे वळायची तिथे मुभा आहे. हे अंगवळणी पडतंय तोवर हडसन नदी ओलांडून न्यूयॉर्क शहरात गेलो. तिथे तशी पाटी असल्याखेरीज वळायला मनाई! आणि न्यू जर्सीतल्या ‘रूट वन’ या महामार्गावर डावीकडे वळायला बऱ्याच ठिकाणी आधी उजवीकडे बाहेर पडावं लागतं, हे मला दोनदा चुकल्यावर पटलं.

आरटीओत १००० रुपये भरले की वर्षभराचं आंतरराष्ट्रीय परमिट मिळतं. वेगळी चाचणी नसते, त्याबद्दल तक्रार नाही. पण सोबत त्या देशातल्या नियमांचं एक पानी मराठी पत्रक द्यायला काय हरकत आहे? कुठल्या देशात जाणार, हे आपण अर्जात लिहूनच देतो. अमेरिकेच्या पानावर पहिली ओळ स्कूल बसची असावी.

– एक निवृत्त बँक कर्मचारी, सांगली