सुट्टी हवी तर सुट्टी माग, ताप सांगू नकोस

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

आधीच सांगते, रागावले नाहीये. तू सोमवारी सुट्टी घेतलीस त्याचं मला काहीच वाटलं नाही, घ्यायलाच हवी, पण त्यासाठी आजारी कशाला पडायचं गं? आपल्या महाराष्ट्रात दुकाने आणि आस्थापनांचा २०१७ चा कायदा आहे, ठरावीक संख्येइतकी किंवा जास्त माणसं असलेल्या ऑफिसांना तो लागू आहे, त्यात वर्षाला ८ कॅज्युअल लीव्ह भरपगारी आहेत, त्या दर तिमाहीला थोड्या थोड्या जमा होतात आणि वर्ष संपलं की न वापरलेल्या बुडतात. अर्न्ड लीव्ह वेगळी, ती ४५ पर्यंत साठते. तुझ्या कंपनीची लीव्ह पॉलिसी एकदा काढून वाच बाई. घरचं काम आहे, सोमवारी येत नाही, एवढं सांगितलं तरी पुरतं.

तुझ्या मॅडमचा मला फोन आला होता, इमर्जन्सी नंबर माझा दिलायस ना म्हणून, ताप उतरला का विचारत होत्या, खूप काळजीने बोलत होत्या. मी विचारून कळवते म्हटलं. पण त्यांना तूच फोन कर, ताप नव्हता, फार थकले होते असं खरं काय ते सांगून टाक.

मी एवढी वर्षं वॉर्डात काढली, तिथे सकाळी कोणी अचानक आजारी आहे म्हणून कळवलं की रात्रपाळीची सिस्टर तशीच अडकायची, ओव्हर, म्हणजे ड्युटीचा ताबा, घ्यायलाच कोणी नाही तर पेशंट टाकून जाणार कुठे, घरी तिची पोरं शाळेला जायची थांबलेली. तेच आदल्या दिवशी सांगितलं असतं तर इन्चार्ज सिस्टर ड्युटी बदलून द्यायच्या, खरंच द्यायच्या. तुझं सोमवारचं काम कोणी केलं ते विचार आणि तिला थँक्यू म्हण. आणि ते सर्टिफिकेट पैसे देऊन मिळतं म्हणालीस ना, त्या फंदात अजिबात पडू नकोस, खोटं सर्टिफिकेट दिलं म्हणून डॉक्टरचं रजिस्ट्रेशन जाऊ शकतं आणि तुझी नोकरीपण.

आता जे मला खरं विचारायचंय ते. हल्ली रविवारी संध्याकाळी तुझा आवाजच बदलतो, जेवलीस का विचारलं की भूक नाही म्हणतेस, आणि तुझ्या सगळ्या सुट्ट्या सोमवारीच कशा येतात? ऑफिसच्या नुसत्या आठवणीने पोटात गोळा येत असेल, रात्र रात्र झोप लागत नसेल तर तेही दुखणंच आहे बाळा, खरंखुरं, डॉक्टरला दाखवण्यासारखं, त्याला तापाचं नाव द्यायची गरज नाही. मला सांगायला अवघड वाटत असेल तर टेली मानस या मनाच्या त्रासासाठीच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. बाबांना एवढ्यात सांगायचं नसेल तर नको सांगूया.

मी शनिवारी येतेय, दोन-तीन दिवस राहीन. सोमवारी जावंसं वाटत नसेल तर शुक्रवारीच मेल टाकून रजा घे, कारणाच्या जागी आई आलीये असं लिही.

तुझी,
आई